कान टोचताना: जागा, तार आणि पुढचे तीन महिने

कान टोचणे हे क्षणाचे काम, पण भोक जन्मभराचे. त्यात आधी तार, मग बाळी, मग कुडी, लग्नात झुमके आणि वेल असे सगळे येते. भोक दोन मिलिमीटर खाली पडले तर चाळिशीत कानाची पाळी ओघळते, आणि तिरके पडले तर कुडीचे तोंड कायम जमिनीकडे राहते. ‘सोनारानेच कान टोचावे’ ही म्हण आज आपण कुणाला सुनावण्यासाठी वापरतो, पण मुळात ती साधी व्यवहाराची सूचना आहे. सुई कुणीही खुपसू शकतो. दागिना पुढे कसा बसणार आहे हे ज्याला दिसते, त्यानेच जागा ठरवावी, असा तिचा अर्थ. सोनाराची ही नजर आणि आजची स्वच्छता या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच कान नीट टोचले जातात. एक असून दुसरी नसेल तर थांबावे.

कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्यावर आणि फाटलेली पाळी जोडण्यावर आहे. बाळाचे कान टोचायचे ते रक्षणासाठी आणि भूषणासाठी, अशी दोन कारणे तिथे सुरुवातीलाच दिली आहेत. आपल्या घरांत ही दोन्ही कारणे अजून जिवंत आहेत. बाळाच्या कानातली तार ही दागिनाही असते आणि दृष्टीला उताराही. ज्या घरात मुले जगत नसत तिथे हे रक्षण आणखी पुढे जाई. मुलाचे नाव भिकू, धोंडू, केरबा असे ठेवायचे, मुलीसारखे त्याचे नाक टोचायचे आणि त्याला नथू म्हणायचे. हे मूल कुणाला हवेहवेसे वाटू नये, मृत्यूलासुद्धा, म्हणून ही धडपड. पुरुषांच्या कानातल्या भिकबाळीचे नावही याच भावनेशी जोडतात: भीक मागून आणलेल्या पैशाची बाळी.

टोचायचे कधी

महाराष्ट्रात बऱ्याच घरांत बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमाराला कान टोचतात. काही घरांत जावळाच्या दिवशी, मामाच्या मांडीवर बसवून. मुहूर्ताच्या ग्रंथांत बारावा किंवा सोळावा दिवस, सहावा, सातवा किंवा आठवा महिना, आणि ते चुकले तर विषम वर्ष असे पर्याय दिलेले आहेत. चातुर्मास वर्ज्य मानला आहे. सुश्रुत सहावा किंवा सातवा महिना सांगतो. म्हणजे बारावा दिवस हाच एक शास्त्रसंमत दिवस आहे, असे कुणी म्हणत असेल तर ते खरे नाही. परंपरेतच थांबायला जागा आहे, आणि ती जागा घ्यावी.

कारण धनुर्वात. राष्ट्रीय लसीकरणात बाळाला धनुर्वाताची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळते. बाराव्या दिवशी बाळाची स्वतःची एकही मात्रा झालेली नसते. आईने गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शने घेतली असतील तर तिच्याकडून आलेले संरक्षण असते, पण मुद्दाम जखम करायची असेल तर त्या भरवशावर करू नये. तिसरी मात्रा झाली की म्हणजे साधारण चार महिन्यांनंतर, सहाव्या-सातव्या महिन्यात कान टोचले तर सुश्रुतही पाळला जातो आणि डॉक्टरही. सुश्रुताने चुकीच्या जागी शीर विंधली गेल्यास काय होते ते लिहून ठेवले आहे. पाळीत कालिका, मर्मरिका, लोहितिका अशा तीन शिरा तो सांगतो. लोहितिका विंधली तर मान ताठते, झटके येतात, डोके जखडते. हे वर्णन वाचताना आजच्या माणसाला धनुर्वातच आठवतो. त्या काळी दोष जागेला दिला गेला. आज आपल्याला जंतू माहीत आहे आणि लसही.

बारशाला सगळे नातेवाईक जमतात, म्हणून त्याच दिवशी उरकून घ्यायचा मोह होतो. हवे तर त्या दिवशी कानाला फक्त कुंकवाचा ठिपका लावावा, सोनाराला विडा-नारळ द्यावा आणि टोचणे चार महिन्यांनी करावे. मान ठेवला जातो आणि धोका टळतो.

लवकर टोचण्याच्या बाजूनेही एक कारण आहे. जखमेवर कडक, वाढत जाणारी गाठ येण्याची प्रवृत्ती ज्या घराण्यात असते, तिथे कान अकराव्या वर्षाच्या आत टोचलेले बरे. वयात आल्यावर टोचले तर अशी गाठ येण्याची शक्यता वाढते. आई, वडील, मावशी, आत्या यांपैकी कुणाच्या टाक्यांवर किंवा लसीच्या जागी फुगीर वण असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगा.

बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, अंगावर इसब असेल, सर्दी-ताप असेल, घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर टोचणे पुढे ढकला. भर पावसाळाही टाळा. ओलसर हवेत टोपडे आणि झबले नीट वाळत नाही, आणि जखम सतत दमट राहते.

तार कशी हवी

बाळासाठी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे सोन्याची साधी तार, पुढे तिचीच बाळी होते. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोने. राहिलेले तांबे आणि चांदी. शुद्ध २४ कॅरेटची तार फार मऊ, बोटाने वाकते, टोचताना टोक वळते. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकते आणि निकेल हेच कान चिघळण्याचे, सतत खाज सुटण्याचे नेहमीचे कारण आहे. सोन्याचे पाणी दिलेली वस्तू पहिल्या भोकात कधीच घालू नका. पाणी झिजले की खालचे पितळ आणि निकेल थेट जखमेला लागते.

जाडी ०.७ ते ०.८ मिलिमीटर. याहून बारीक तार पाळीला कापत खाली सरकते. जाड तारेने बाळाच्या पाळीवर ताण येतो. एका कानाला सुमारे ३० मिलिमीटर लांबी पुरते. ०.८ मिलिमीटर जाडीच्या एवढ्या तारेचे वजन हिशेबाने पाव ग्रॅमच्या थोडे वर येते, जुन्या मापात दोन गुंजांच्या आसपास (९६ गुंजा म्हणजे एक तोळा). दोन्ही कानांचे मिळून अर्धा ग्रॅम. कुणी दोन ग्रॅमच्या बाळ्या पहिल्याच दिवशी घालायला सांगत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. दोन ग्रॅमखालच्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही, त्यामुळे या तारेवर शिक्का सापडेलच असे नाही. बिलावर कॅरेट आणि वजन लिहून घ्या.

तारेचे टोक कानशीने तिरके घासून अणकुचीदार केलेले असते. नखावर हलके ओढून पाहा. ते न अडकता सरकले पाहिजे. कुसळ राहिले असेल तर तीच तार आत जाताना मांस खरवडते. जंत्रीतून, म्हणजे तार ओढायच्या भोकांच्या पट्टीतून, नुकतीच ओढलेली तार कडक असते आणि टोचायला तीच हवी. काही जण डोळ्यांदेखत तार ज्योतीवर धरतात. घरच्यांना वाटते, जंतू मेले. खरे तर ज्योतीने तारेवर काजळी बसते आणि तापलेले सोने मऊ पडते. मऊ तार अर्ध्यात वाकते, मग जोर करावा लागतो, भोक तिरके जाते. जंतू मारायचे असतील तर तार आधी दवाखान्यात देऊन ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे वाफेच्या दाबाखाली ठेवून घ्यावी. सोन्याला त्याने काही होत नाही. तार पाकिटात बंद करूनच आत ठेवायला सांगा आणि टोचण्याच्या क्षणापर्यंत ते पाकीट उघडू नका.

डॉक्टरांकडे टोचायचे असेल तर रीत थोडी वेगळी. तिथे एकदाच वापरायची पोकळ सुई घेतात. १८ नंबरच्या सुईची आतली पोकळी साधारण ०.८४ मिलिमीटर असते, म्हणून ०.७ ची तार तिच्यात सहज जाते, ०.८ ची जेमतेम. सुई समोरून आत गेली की टोक पाळीच्या मागे निघते. त्या टोकाच्या पोकळीत तार सरकवायची आणि सुई हळूच परत ओढायची, तार तिच्या मागोमाग पुढे येते. सोनाराने जागा आखून द्यावी आणि डॉक्टरांनी टोचावे, ही जोडी सर्वांत चांगली.

दुकानातली टोचायची बंदूक बाळाच्या कानाला लावू नये. तिच्यातला खिळा सुईइतका धारदार नसतो, तो स्प्रिंगच्या जोरावर मांस चिरडत जातो. बंदुकीचा प्लास्टिकचा भाग वाफेच्या दाबाखाली ठेवता येत नाही, त्यामुळे आधीच्या गिऱ्हाइकाचे रक्त नुसत्या स्पिरिटने पुसले जाते. शिवाय मागची फिरकी पाळीला चिकटून बसते आणि सूज आली की खिळा आतच रुततो.

जागा ठरवणे

सगळी मेहनत इथे करा. यासाठी दहा मिनिटे गेली तरी चालतील.

बाळाला मांडीवर उभे धरून, तोंड समोर ठेवून जागा आखायची. आडवे झोपवून आखली तर पाळी एका बाजूला ओढली जाते आणि उठून बसल्यावर ठिपका सरकलेला दिसतो. खोलीत थोडा अंधार करा आणि लहान टॉर्च कानाच्या मागून पाळीवर धरा. पाळी गुलाबी उजळते. तिच्यात गडद रेघा दिसतात त्या शिरा. मधोमध, जिथे उजेड सारखा आणि फिका असतो आणि एकही रेघ जात नाही, ती जागा. सुश्रुताने हेच सांगितले आहे: डाव्या हाताने कान ओढून धरायचा, सूर्याचा उजेड आरपार दिसतो ते ‘दैवकृत छिद्र’ पाहायचे आणि उजव्या हाताने सरळ विंधायचे. पातळ पाळीला सुई, जाड पाळीला आरी. त्याची खूणही अचूक आहे: रक्त फार आले आणि फार दुखले तर जागा चुकली, काहीच त्रास झाला नाही तर जागा बरोबर.

पाळीच्या खालच्या कडेपासून अंतर कमीत कमी ४ मिलिमीटर हवे. बाळाच्या कानात त्याहून जास्त मिळाले तर घ्या, कारण कान वाढतो पण खालचे मांस कमी असेल तर झुमक्याचा भार ते पेलत नाही. रुंदीत ठिपका मधोमध, गालाकडे झुकू देऊ नका. मोत्यांची कुडी पाळीच्या मध्यावर फुलासारखी बसते, भोक गालाच्या बाजूला असेल तर तिचे अर्धे मोती गालात घुसतात.

एका कानाचा ठिपका लावला की समोरून दोन्हीकडे पाहा. कान जन्मतःच सारखे नसतात. एक थोडा वर किंवा जास्त बाहेर असतो. म्हणून दुसरा ठिपका फुटपट्टीने काढू नका. चेहऱ्यापासून हातभर मागे सरका आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांशी ताडून पाहा. घरातल्या आणखी एकाला पाहायला सांगा. चुकला तर पुसा, पुन्हा लावा. शाई वैद्यकीय पेनाची असावी. काजळाचा किंवा कुंकवाचा ठिपका लावून त्यातून टोचले तर रंग आत जाऊन डाग राहतो. कुंकू लावायचेच असेल तर कपाळाला लावा.

टोचण्याचे पाच मिनिटे

बाळाचे दूध अर्ध्या-पाऊण तासापूर्वी झालेले असावे. टोचताना तोंडात काही नको, रडताना ठसका लागतो. गुळाचा खडा तोंडात ठेवायची रीत मोठ्या मुलांसाठी ठीक आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला गूळ देऊ नका आणि मध तर बोटावरही नको, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला लकवा येऊ शकतो. टोचून झाले की लगेच अंगावर घ्या. दुखणे थांबवायला आईच्या दुधाइतके दुसरे काही नाही.

हात दुपट्यात गुंडाळा. ज्याने मांडीवर घेतले आहे त्याने एका हाताने कपाळ आणि दुसऱ्याने विरुद्ध बाजूचा गाल आपल्या छातीशी धरायचा. डोके धरणारा माणूस हळवा असेल तर त्याने हे काम घेऊ नये. बहुतेक वाकडी भोके डोके ऐनवेळी सुटल्यामुळे पडतात.

टोचणाऱ्याने हात साबणाने धुऊन नवे हातमोजे घालायचे. पाळीच्या दोन्ही बाजू ७० टक्के स्पिरिटच्या बोळ्याने पुसायच्या आणि अर्धा-एक मिनिट वाळू द्यायच्या. ओल्यावर टोचले तर आग होते आणि स्पिरिटचा उपयोगही पुरता होत नाही. बर्फ लावू नये, पाळी कडक होते आणि सुई अडखळते. मागे बटाट्याचा काप धरायची सवय सोडा, मातीतली वस्तू जखमेच्या मागे कशाला? आधार हवाच असेल तर निर्जंतुक गॉजची घट्ट घडी पुरते.

मग पाळी डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत धरून किंचित ताणायची, तार पाळीच्या पृष्ठाला काटकोनात टेकवायची आणि एकाच सरळ दाबात पलीकडे काढायची. अर्ध्यात थांबू नये, फिरवू नये. दोन सेकंदांचे काम आहे. दुसरा कान लगेच घ्यावा, बाळ शांत होण्याची वाट पाहिली तर ते दुसऱ्या वेळी दुप्पट झटापट करते. मुलाचा उजवा कान आधी आणि मुलीचा डावा, असा क्रम सुश्रुतात आहे आणि आजही पाळतात.

थेंबभर रक्त येणे स्वाभाविक. निर्जंतुक गॉजने पाच मिनिटे दाबून धरा. दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहिले तर रक्त थांबत नाही. दहा मिनिटांनीही ओघळत असेल तर शीर लागली आहे, डॉक्टरांना दाखवा.

तार वळवताना कडी घट्ट करू नका. पाळीच्या खाली दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे, कारण दोन-तीन दिवस सूज राहते. दोन्ही टोके एकमेकांवर वळवून अणकुचीदार टोक वळणाच्या आत दडवायचे. वळवून झाल्यावर कडीवरून बोट सगळीकडे फिरवा. जिथे टोचेल तिथे ती बाळाच्या मानेलाही टोचणार.

पुढचे तीन महिने

कान बिघडतात ते बहुधा टोचताना नाही, नंतर. आणि बिघडण्याची कारणे घरातलीच असतात.

सकाळी आणि संध्याकाळी, हात धुऊन, औषधाच्या दुकानातल्या ०.९ टक्के सलाइनने गॉज भिजवा आणि भोकाच्या पुढे-मागे मिनिटभर ठेवा. खपली मऊ पडून आपोआप निघते. नखाने काढू नका. नंतर कोरड्या गॉजने टिपा. कापसाचे तंतू तारेत गुंततात, म्हणून कापूस नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावले तर नवी येणारी त्वचा जळते आणि भोक भरायला उशीर होतो.

तार फिरवायची नाही. ‘रोज दोनदा फिरवा, नाहीतर चिकटेल’ हा सल्ला घरोघरी मिळतो. पण फिरवताना कडीवर सुकलेला चिकट द्रव भोकात ओढला जातो आणि आतली कोवळी त्वचा फाटते. सोने त्वचेला चिकटत नाही. चिकटते ती खपली, आणि ती सलाइनने सुटते.

हळद आणि खोबरेल तेलाचे काय? कोरड्या, कडक खपलीवर स्वच्छ खोबरेलचा एक थेंब चालतो. हळकुंड जंतुनाशक म्हणून मान्य असले तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तिची पूड भोकात जाऊन तेलासोबत गोळा होते. उघड्या जखमेत ती भरू नका. सुश्रुत टोचल्यावर भोकात कापसाची वात घालून कच्च्या तेलाचे सिंचन करायला सांगतो आणि दर तिसऱ्या दिवशी थोडी जाड वात. भोक हळूहळू मोठे करायचे, एकदम नाही, हे त्यातले तत्त्व आजही तंतोतंत लागू आहे.

सगळ्यात जास्त त्रास देते ती बाळाची मालिश. तेल आणि डाळीचे पीठ लावून चोळताना पिठाचा चिखल तारेभोवती बसतो, वाळतो आणि तिथेच कुजतो. पहिले सहा आठवडे कानाच्या भोवती दोन बोटे जागा सोडून मालिश करायला सांगा. मालिश करणाऱ्या बाईंना हे आधीच सांगावे लागते, कारण कान चोळणे हा त्यांच्या हाताच्या सवयीचा भाग असतो. आंघोळीनंतर कानामागचे पाणी टिपायला विसरू नका.

टोपडे हा दुसरा वैरी. लोकरीच्या विणीत तार अडकते आणि काढताना पाळी ओढली जाते. सुती, आतून अस्तर लावलेले टोपडे घाला, किंवा हे तीन महिने नकोच. झबले डोक्यावरून काढायचे नको, पुढे बांधायचे असावे.

पाळीचे भोक सहा ते आठ आठवड्यांत वरवर बरे होते. आतली त्वचा पक्की व्हायला त्याहून वेळ लागतो, म्हणून बाळाची तार तीन महिने हलवू नये आणि पहिल्या वर्षात भोक कधी रिकामे ठेवू नये. नवे भोक एका रात्रीतही बुजू लागते.

पहिले दोन-तीन दिवस लाली, किंचित सूज आणि पांढरट-फिकी खपली दिसणे ठीक आहे. चौथ्या दिवसानंतर लाली वाढू लागली, पाळी गरम लागली, पिवळा-हिरवा पू आला किंवा कडी मांसात रुतताना दिसली तर डॉक्टरांकडे जा. पू दिसला म्हणून घरी तार काढू नका. भोक वरून बुजते आणि पू आत अडकतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट ताप आला तर कारण काहीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

वरचा कान: बुगडी आणि भिकबाळी

पाळी मांसल असते, वरचा कान कुर्चेचा, म्हणजे मऊ, लवचीक हाडाचा. कुर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण वरच्या पातळ आवरणातून होते. तिथे जंतू शिरले आणि पू साचला तर आवरण सुटते, कुर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो. हे बाळाच्या वयात करायचे कामच नाही. बुगडी किंवा भिकबाळीसाठी टोचायचेच असेल तर मूल स्वतः काळजी घेण्याएवढे मोठे झाल्यावर, पोकळ सुईने आणि कुर्चा टोचायची सवय असलेल्या हातानेच. बंदूक इथे सर्वांत घातक, कुर्चेला तडा जातो.

भरायला सहा महिने ते वर्ष लागते. त्या बाजूवर झोपायचे नाही. हेल्मेट आणि हेडफोन सांभाळायचे. पहिले दोन-तीन महिने विहीर, नदी, तलाव बंद, कारण कुर्चेचा वाईट आजार करणारा जंतू पाण्यात राहतो. वरचा कान लाल, तापलेला आणि ठणकत असेल पण पाळी मात्र नेहमीसारखी असेल, तर तासांचाही विलंब करू नका.

पुरुषांची भिकबाळी बहुधा उजव्या कानाच्या वरच्या भागात घालतात: सोन्याची तार, दोन मोती, मध्ये लाल किंवा हिरवा खडा. गणेशोत्सवाच्या ढोलपथकासाठी दहा दिवस मिरवायची असेल तर दाबाची भिकबाळी घ्या. दहा दिवसांच्या हौसेसाठी कुर्चेत भोक पाडण्यात शहाणपण नाही, आणि ते भोक उत्सव संपेपर्यंत भरतही नाही. बुगडीचेही तसेच. चापाच्या बुगड्या आता इतक्या हलक्या आणि सुबक मिळतात की निव्वळ समारंभापुरते टोचण्याची गरज उरलेली नाही.

नाथपंथातले कानफाटे जोगी दीक्षेत याच कुर्चेत चीर देऊन मोठी मुद्रा घालतात. ते आयुष्य वाहून घेतल्याची खूण आहे, दागिना नाही. त्याची नक्कल करायच्या फंदात पडू नये.

नाक

अजिंठ्याच्या चित्रांत कानांतले दागिने ठसठशीत आहेत, नाक मात्र मोकळे. नथ आपल्याकडे बरीच नंतर आली, पण आल्यावर सौभाग्याच्या दागिन्यांत जाऊन बसली. महाराष्ट्रात डावी नाकपुडी टोचतात. दक्षिणेत उजवीही टोचतात.

जागा ठरवताना आधी विचारा: चमकी घालायची आहे की नथ? चमकी नाकपुडीच्या फुगवट्यावर, वळणाच्या खोबणीत शोभते. नथ तार वळवून पुढे झुकते, तिला भोक कडेच्या थोडे जवळ लागते. दाबाची नथ आधी लावून आरशात पाहा आणि तिथेच ठिपका द्या. दोन्ही हवे असेल तर नथीची जागा धरावी, चमकी तिथे चालून जाते. उलट मात्र जमत नाही. भोक फार वर गेले तर नथीचा वळसा कडेपर्यंत पोचत नाही आणि ती नाकावर आडवी बसते.

भरायला चार ते सहा महिने. सर्दीत नाक शिंकरताना तार ओढली जाते, म्हणून सर्दी असताना टोचू नका. भोकाशेजारी लालसर फोड उठतो तो बहुधा तार हलत राहिल्याने. सलाइन आणि हात न लावणे एवढ्यानेच तो अनेकदा बसतो. वजनदार मोत्यांची नथ लग्नाच्या दिवशी तास-दोन तासच, आणि तिचा भार केसांत अडकवलेल्या दोऱ्याने तोलून धरायचा. कानाच्या वेलाचेही काम तेच: झुमक्याचे वजन पाळीवरून काढून केसांवर देणे. वेल नुसता शोभेचा समजून सैल सोडला तर सगळे ओझे पाळीवरच येते.

शस्त्रक्रियेच्या वेळी नाकातली चमकी काढायला सांगतात, आणि कालच्या-परवाच्या भोकाची मग चिंता पडते. जुन्या बायका अशा वेळी कडुलिंबाची बारीक काडी घालत. आज त्याच कामाला प्लास्टिकची पारदर्शक काडी मिळते, ती आधी आणून ठेवा. कडुलिंबाची काडी पूर्ण भरलेल्या भोकातच, उकळून, वाळवून, आणि रोज नवी. ओली काडी फुगते आणि तिची कुसळे आत राहतात.

भोक मोठे करणे, ओघळलेले जोडणे

जुन्या कुडीचा मळसूत्री दांडा बाळीच्या तारेपेक्षा जाड असतो, साधारण एक मिलिमीटर किंवा जास्त. तो जोराने घुसवला की भोकाची आतली कड फाटते आणि तिथे गाठ होते. आधी ०.८ वरून १ मिलिमीटरची तार, महिनाभर थांबून १.२ ची, घालताना खोबरेलचा थेंब. दुखले किंवा रक्त दिसले तर मागच्या जाडीवर परत या.

भोक लांबट होऊ लागले की जड झुमके तिथेच थांबवा. पाळी पुरती फाटली तर चिकटपट्टी लावून ती जुळत नाही, कारण फाटीच्या दोन्ही कडांवर त्वचा आलेली असते. ती कड काढून टाके घालावे लागतात. सुश्रुताने पाळी जोडण्याच्या पंधरा रीती सांगितल्या आहेत आणि कड खरवडून ताजी केल्याशिवाय जोड धरत नाही, हे त्यालाही माहीत होते. आज हे काम जागा बधिर करून अर्ध्या-पाऊण तासात होते. पुन्हा टोचायचे ते किमान तीन महिन्यांनी, आणि वणाच्या रेषेवर नाही, तिच्या बाजूला. वणाचे मांस कमजोर असते, त्यातून टोचले तर पाळी पुन्हा त्याच रेघेत फाटते.